हिरवी पट्टी शून्यावर, आणि दिवाणजींनी मशीन बंद केलं

सकाळी सांगलीच्या मार्केट यार्डातून फोन. हळदीचे सौदे तोंडावर. "ओ साहेब, तुमची ती हिरवी पट्टी हलंना झालीया. बंद करून परत चालू केलंय बघा."

बंद केलं! ही हिरवी पट्टी म्हणजे काम किती झालं ते दाखवणारा प्रोग्रेसबार, अडत दुकानासाठी मी डब्ल्यूपीएफमध्ये (विंडोजचे प्रोग्राम लिहायची मायक्रोसॉफ्टची चौकट) लिहिलेल्या प्रोग्राममधला. आत गेल्या वर्षीच्या शेतकरी पट्ट्या, म्हणजे शेतकऱ्यांच्या मालविक्रीच्या हिशोबाच्या पावत्या, व्यवस्थित भरल्या जात होत्या, निम्म्याहून जास्त झाल्या होत्या. पडद्यावर मात्र शून्य. दिवाणजींना काय बोलणार? अर्धा तास शून्य बघून मीही बटण दाबलं असतं.

परवा मी प्रॉपर्टीचं, म्हणजे पट्टी जिथून टक्केवारीचा आकडा घेते त्या जागेचं, नाव बदललं. सी शार्पमध्ये, म्हणजे प्रोग्रामच्या कोडमध्ये, सगळीकडे बदललं, झॅमलमध्ये, म्हणजे पडद्याची मांडणी लिहितात तिथे, जुनंच राहिलं. बिल्ड झाला, प्रोग्राम चालला, कुणी हूं की चूं केलं नाही. 'एरर ४०' म्हणून एक ओळ पडते, तीही व्हिज्युअल स्टुडिओच्या, म्हणजे मी ज्यात कोड लिहितो त्याच्या, आउटपुट विंडोत. अडत दुकानात ती कोण वाचणार? पडद्यावर लाल अक्षरात सांगायला काय धाड भरली होती?

बरं, नाव दुरुस्त केलं. आता खिडकी उघडताच प्रोग्राम आडवा! का, तर टक्केवारीची प्रॉपर्टी नुसती वाचायची आणि प्रोग्रेसबारची व्हॅल्यू आपणहून टू-वे बांधली जाते, म्हणजे आकडा वाचायचाही आणि परत लिहायचाही. टू-वे! प्रोग्रेसबारला कुणी हात लावून ओढतं का? स्लायडर ओढतात, मान्य. पण दोघांची व्हॅल्यू रेंजबेस नावाच्या एकाच मूळ क्लासमधून येते, म्हणून स्लायडरची सोय याच्याही गळ्यात. नुसता मजकूर दाखवणाऱ्या टेक्स्टब्लॉकला कळतं की आपण फक्त दाखवायचं, याला २००६ पासून, डब्ल्यूपीएफ आल्यापासून, कळलेलं नाही. म्हणजे नाव साफ चुकलं तर मौनव्रत, आणि निरुपद्रवी रीड-ओन्लीवर थेट क्रॅश. नेमकं उलटं पाहिजे होतं!

आणि काम किती झालं ते कळवणारं ते प्रोग्रेस ऑफ टी. टास्क रनच्या, म्हणजे मागे चालणाऱ्या कामाच्या, आत तयार केलं की रिपोर्ट पडदा सांभाळणाऱ्या यूआय थ्रेडवर येतच नाही, तेही न सांगता. पडद्यावरच्या लिस्टमध्ये मागच्या थ्रेडवरून एक ओळ घाला, लगेच एक्सेप्शन. साधा आकडा मात्र चालतो. प्रत्येकाचा कायदा वेगळा, पाठ आपण करायचे.

वर शहाणे सांगतात, वेबवर कर. यार्डात नेट गेलं की सौदे थांबवायचे का?

पट्टीला मोड वनवे टाकलंय, आता ती आकडा फक्त वाचेल. अर्धवट पट्ट्या पुसून पहिल्यापासून भरायच्या आहेत. पेनड्राइव्ह घेऊन विश्रामबागेतून निघालोय. भरणी संपेपर्यंत दिवाणजींच्या शेजारीच बसणार आहे.