मावशीचा बॉम्ब अन् मामाचं लोडशेडिंग

परवा आमच्या फॅमिली ग्रुपवर परळीच्या मामानं टाकलं, मराठवाड्यात एक अणुभट्टी आणा, लोडशेडिंगची कटकट एकदाची मिटंल. लगेच मावशी, नको रे बाबा, हिरोशिमा व्हायचं. मी राहते फ्रान्सात ल्योंकडं, ऱ्होन नदीवरची ब्युजेची अणुभट्टी घरापासून 20 किलोमीटरच्या आत, म्हणून सगळ्यांनी मलाच टॅग केलं.

मावशी, भट्टीचा बॉम्ब होत नसतो. खाणीतल्या युरेनियमात फुटणारं युरेनियम-235 जेमतेम 0.7 टक्के, इथल्या भट्टीत 3 ते 5 टक्के असतंय अन् बॉम्बला 90 च्या आसपास लागतंय. अणू फुटला की न्यूट्रॉन निघतात, ते पुढचे अणू फोडतात, दोन्हीकडं तेच, पण बॉम्बात सगळा खेळ सेकंदाच्या दहा लाखाव्या भागात उरकतो, अन् भट्टीत 1 टक्क्याहून कमी न्यूट्रॉन काही सेकंद उशिरा निघतात, त्या उशीरामुळंच तर कंट्रोल रॉड, म्हणजे न्यूट्रॉन शोषून घेणाऱ्या कांड्या, वरखाली करायला सवड मिळते. चेर्नोबिलला 1986 मध्ये भट्टी फुटली ती वाफेनं. आता मावशी अगदीच चुकली असंही नाही हां, 1974 च्या पोखरणच्या अणुचाचणीचं प्लुटोनियम (हे भट्टीत युरेनियमपासून बनतं, अन् बॉम्बला चालतं) ट्रॉम्ब्यातल्या सायरस नावाच्या रिसर्च भट्टीतूनच आलं होतं.

आमच्या किचनच्या ड्रॉवरमध्ये आयोडीनच्या गोळ्या (गळती झाली तर थायरॉईड वाचवायला) पडल्यात, भट्टीजवळच्या सगळ्यांनाच मेडिकलमधून फुकट मिळतात, काही झालं तर कधी घ्यायच्या तेही सांगून ठेवलंय. सुरुवातीला मी पण टरकले होते, मग वाटलं तोंडावर सांगतात हेच बरंय, आपल्याकडं सांगतंय कोण.

पण मामा, तू पाण्याचं कुठं बोलायलास? अणू फुटण्याची उष्णता शेवटी पाणीच उकळते, वाफेवर टर्बाइन फिरतं, ती वाफ गार करायला पुन्हा पाणीच लागतं, तिथून पुढं सगळं तुझ्या परळीच्या थर्मलसारखंच. अन् ते थर्मल 2015 ला पाण्यावाचून बंद पडलं, विसरलास का? 2016 ला लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणलं. इथं बारमाही ऱ्होन, तरी 2022 च्या उन्हाळ्यात नद्या इतक्या तापल्या की त्यात भट्टीचं गरम पाणी आणखी नको म्हणून काही भट्ट्यांना वीज कमी करावी लागली. जैतापूरचा अणुप्रकल्प समुद्राकाठी धरलाय ते उगीच नाही, अन् तिथं कोकणातले लोक नको म्हणायलेत ते वेगळंच.

मामाचं उत्तर आलं, माजलगावचं पाणी आहे की.

मावशी बॉम्ब विसरली. म्हणे, अन् आमच्या उसाला रे?