बाप दाखव, नाहीतर श्राद्ध कर

काय, किती मागवायचं ते सांगणारं नवीन प्लॅनिंग सॉफ्टवेअर आलं तेव्हा डेमो देणारा मुलगा म्हणाला होता, "डेटा इम्पोर्टचं टेन्शनच घेऊ नका सर. टेम्प्लेट भरायची, बटण दाबायचं." टेम्प्लेट किती, हे विचारायचं राहून गेलं. १९ निघाल्या. बटण मात्र खरंच एकच होतं.

काम माझ्या गळ्यात कसं पडलं याला फारसा इतिहास नाही. मीटिंगमध्ये साहेबांनी "एक्सेल कोणाला चांगलं येतं?" असं विचारलं आणि मी नेमकी तेव्हाच मान वर केली.

पहिल्याच दिवशी उत्साहात बीओएमची फाइल चढवली. बीओएम म्हणजे कुठली वस्तू बनवायला काय काय आणि किती लागतं त्याची यादी. सगळ्यात महत्त्वाची तीच, म्हणून आधी तीच, असा माझा सरळ हिशोब. ६,२१४ ओळी. दोन मिनिटं चक्र फिरलं आणि निकाल लागला: स्वीकारल्या ०, नाकारल्या ६,२१४. प्रत्येक ओळीपुढे एकच शेरा, 'मूळ नोंद सापडली नाही.'

म्हणजे बीओएम सांगतं, पंपाला चार बोल्ट लागतात. सॉफ्टवेअर विचारतं, कोण पंप? कुठला बोल्ट? आयटम मास्टरमध्ये, म्हणजे सगळ्या वस्तूंच्या मूळ यादीत, दोघांची नोंद आधी पाहिजे, मग त्यांचं नातं. नोंदींना तिथे पेरेंट आणि चाइल्ड असंच म्हणतात, आणि पोर दारात उभं राहिलं की पहिला प्रश्न बापाचा. 'बाप दाखव, नाहीतर श्राद्ध कर' ही म्हण ज्याने काढली त्याने नक्की कुठेतरी डेटा अपलोड केला असणार.

यात सॉफ्टवेअरचा दोष नाही, हे मलाही कळतं. एडगर कॉड यांनी १९७० साली रिलेशनल डेटाबेसची कल्पना मांडली, त्याच लेखात 'फॉरेन की' हा शब्दही आहे. एका तक्त्यातल्या ओळीने दुसऱ्या तक्त्यातल्या ओळीकडे बोट दाखवायचं ते याच किल्लीने. हवेत बोट दाखवलेलं चालत नाही. त्यामुळे चढवायचा क्रम ठरलेला: आधी आयटम आणि गोदामं, मग कुठला आयटम कुठल्या गोदामात ते, मग सप्लायर, मग बीओएम, रूटिंग (म्हणजे वस्तू बनवायच्या पायऱ्यांचा क्रम), आणि सगळ्यात शेवटी स्टॉक आणि ऑर्डरी. मी कळसापासून सुरुवात केली होती.

बरं, क्रम कळला म्हणून सुटका झाली का? आयटमच्या टेम्प्लेटमध्ये 'मुख्य सप्लायर' असा कॉलम. सप्लायर अजून चढलेले नाहीत, सबब आयटम नामंजूर. सप्लायरच्या टेम्प्लेटमध्ये 'पुरवतो ते आयटम' असा कॉलम. आयटम चढलेले नाहीत, सबब सप्लायर नामंजूर. लग्न झाल्याशिवाय वेड जात नाही आणि वेड गेल्याशिवाय लग्न होत नाही. सपोर्टवाल्याने फोनवर शांतपणे सांगितलं, "सर, तो कॉलम पहिल्यांदा रिकामा ठेवा. सप्लायर चढले की आयटम परत चढवा." म्हणजे एकच फाइल दोनदा. हे टेम्प्लेटवर लिहायला काय हरकत होती?

मग आली शून्यांची भानगड. आमचे बहुतेक आयटम कोड पाच आकडी, ००४१७ असे. जुन्या सिस्टिममधून काढलेल्या सीएसव्ही फाइलीत, म्हणजे स्वल्पविराम घातलेल्या नुसत्या मजकुराच्या फाइलीत, शून्यं होती, हे मी शपथेवर सांगतो. पण फाइलीवर डबल क्लिक केलं की एक्सेल तिला उघडतं, आणि 'अरे, हा तर साधा आकडा' म्हणत पुढची शून्यं काढून टाकतं. उरतं ४१७. ते तसंच सेव्ह केलं की आयटम झाला ४१७ आणि बीओएम शोधतंय ००४१७ ला. पोर एका नावाने हाक मारतंय आणि बापाने नाव बदललंय.

मी सेलला फॉरमॅट दिला, शून्यं परत आणली, सेव्ह केलं. मग म्हटलं, एकदा उघडून खात्री करू. उघडली. शून्यं गायब. पुन्हा फॉरमॅट, पुन्हा सेव्ह, पुन्हा खात्री, पुन्हा गायब. तिसऱ्या खेपेला लक्षात आलं की फाइल ठणठणीत आहे, तिला माझीच नजर लागतेय. सेव्ह करायची आणि नुसत्या विश्वासावर चढवायची. फारच वाटलं तर नोटपॅडमध्ये उघडायची. तिथे कोणी शहाणपणा करत नाही.

सेपरेटर नावाच्या आमच्या आयटमच्या कोडांचं तर विचारूच नका. 'सेप-५' हा कोड म्हणजे एक्सेलच्या लेखी ५ सप्टेंबर. यात मोठमोठ्यांनी हात टेकलेत. माणसाच्या काही जनुकांची नावंही एक्सेल अशीच तारखा करून टाकायचं. शेवटी जनुकांना नावं देणाऱ्या समितीने २०२० साली जनुकांचीच नावं बदलली. 'मार्च१'चं 'मार्चएफ१' झालं. तिथे आमच्या सेपरेटरची काय पत्रास?

तरी ३८ ओळी अडून होत्या. कोड समोरासमोर ठेवले, अगदी जुळे. ज्युनियर मुलीने अक्षरं मोजणारा लेन फॉर्म्युला लावला: एकाची लांबी ५, दुसऱ्याची ६. शेवटी एक न दिसणारी स्पेस. जादा स्पेस काढणारं ट्रिम लावलं, तरी ६. ही नेहमीची स्पेस नव्हे, वेबपेजवरून कॉपी करताना येते ती, कॅरेक्टर क्रमांक १६०. ट्रिमला ती दिसतच नाही. हे शोधण्यात आमची अख्खी दुपार गेली. 'रिकामी जागा काढतोय' हे उत्तर साहेबांना देताना फार जड गेलं.

तारखांनी तर फसवलंच. फाइल दिवस-महिना अशी, माझ्या मशिनचं सेटिंग महिना-दिवस असं. १३ पासून पुढच्या तारखा वाचता येईनात म्हणून त्या नाकारल्या गेल्या, आणि १२ पर्यंतच्या निमूट उलट्या होऊन आत गेल्या. ३ एप्रिलची ऑर्डर ४ मार्चला. नाकारलेल्या ओळी निदान तोंडावर सांगतात तरी.

अखेर एका संध्याकाळी स्क्रीनवर आलं: स्वीकारल्या ६,२१४, एरर ०. साहेबांनी खांद्यावर हात ठेवला. आम्ही प्लॅन रन केला आणि सॉफ्टवेअरने आत्मविश्वासाने सुचवलं, ३८,४०० बॉक्स वॉशर मागवा. एका बॉक्समध्ये ५०० वॉशर. म्हणजे १,९२,००,०००. बीओएममध्ये मोजमाप नगावर आणि खरेदी बॉक्समध्ये, दोन्हीमधलं रूपांतर सांगणारी टेम्प्लेट, सतरावी, मी 'ऐच्छिक' वाचून सोडून दिली होती. सॉफ्टवेअर बाप आहे की नाही एवढंच बघतं; बाप काय बोलतोय हे ऐकत नाही.

रूपांतरं भरली, सगळं नव्याने चढवायचं ठरलं. तयार फाइली शेअर्ड फोल्डरमध्ये ठेवल्या, नाव दिलं 'फायनल_हीच_खरी_उघडू_नये'. सकाळी इम्पोर्ट लावला. नाकारल्या ६,२१४.

साहेबांच्या केबिनमध्ये गेलो.

"अहो, मी काहीच केलं नाही," साहेब म्हणाले. "फक्त कॉलम जरा रुंद केले, कोड नीट दिसत नव्हते. बंद करताना ते विचारत होतं सेव्ह करू का, म्हटलं कर."

सीएसव्हीत कॉलमची रुंदी सेव्हच होत नाही.