'ब्रेक फेल' म्हणून फाईल बंद करू नका

पुण्यात नवले पुलाजवळ अपघात झाला की दुसऱ्या दिवशी पेपरात दोन शब्द ठरलेले असतात: ब्रेक फेल. आम्ही नऱ्ह्यात राहणारी माणसं हे दोन शब्द वाचून वाचून विटलोय. वीज पडावी किंवा भूकंप व्हावा तसे ब्रेक आपोआप जातात, त्यात कुणाचा काही हात नसतो, असाच त्याचा सूर असतो.

माझं पोट वाहतुकीवरच आहे. चाकणला डिस्पॅचमध्ये काम करतो, रोज ड्रायव्हर लोकांशी बोलणं असतं. त्यामुळे थोडं स्पष्ट लिहितो.

२० नोव्हेंबर २०२२ ची रात्र आठवा. एका ट्रकने उतारावर एकापाठोपाठ एक कितीतरी गाड्या उडवल्या. आधी बातमी आली ब्रेक फेलची. मग तपासात पुढे आलं की डिझेल वाचवायला ड्रायव्हरने उतारावर इंजिन बंद करून गाडी न्यूट्रलमध्ये सोडली होती. आता हे नीट समजून घ्या. ट्रकचे ब्रेक हवेवर चालतात. हवा भरणारा कॉम्प्रेसर इंजिनवर फिरतो. इंजिन बंद म्हणजे नवी हवा बंद. टाकीत आहे तेवढ्यावर भागवायचं, आणि दर वेळी ब्रेक दाबला की त्यातली थोडी जाते. पॉवर स्टेअरिंगही इंजिनवरच, म्हणजे तेही दगडासारखं जड होतं. न्यूट्रलमुळे गिअर गाडीला जो आपसूक आवर घालतो तोही गेला. नवीन कात्रज बोगद्यापासून नवले पुलापर्यंत सलग उतार, मागे टनावारी माल, आणि पायाखाली हळूहळू मरत चाललेला ब्रेक. याला ब्रेक फेल होणं म्हणायचं की फेल करणं?

इंजिन चालू ठेवलं तरी न्यूट्रलमध्ये भागत नाही. सगळा भार एकट्या ब्रेकवर येतो, चाकातला ड्रम तापतो, त्याला घासणारं ब्रेकचं अस्तर म्हणजे लायनर जळायला लागतं आणि त्याची पकड सुटते. उतारावर ट्रकच्या चाकातून धूर आणि जळका वास आला तर समजा, हेच चाललंय.

त्यातली गंमत म्हणजे डिझेलही वाचत नाही. आताच्या इलेक्ट्रॉनिक इंजिनांत गाडी गिअरमध्ये ठेवून अ‍ॅक्सिलरेटर सोडला की उतारावर डिझेल बंदच होतं. न्यूट्रलमध्ये मात्र इंजिन चालू ठेवायला ते जळत राहतं. हे मी एका जुन्या ड्रायव्हरकाकांना सांगितलं. बीड जिल्ह्यातले, सगळी हयात स्टेअरिंगवर गेलेली. त्यांनी चहा बशीत ओतला, फुंकर मारली आणि म्हणाले, "साहेब, तुमचं बरोबर असंल. पण शेठ डिझेल मोजून देतो. कमी पडलं तर माझ्या भत्त्यातून कापतो. इंजिन काय म्हणतं ते त्याला सांगा."

मुद्दा सगळा इथेच आहे. बातमी ड्रायव्हरच्या पायापाशी संपते, आणि खरी सुरुवात मालकाच्या हिशोबाच्या वहीत झालेली असते. भाडं परवडत नाही म्हणून माल जास्त भरायचा. माल जास्त म्हणून ब्रेकवर ताण जास्त. लायनर बदलायला गाडी एक दिवस उभी करावी लागते, म्हणून 'पुढच्या ट्रिपला बघू'. खरं तर २०१८ मध्ये केंद्राने वजनाची कायदेशीर मर्यादाच २० ते २५ टक्क्यांनी वाढवून दिली. तरी ओव्हरलोड काही थांबलं नाही.

झोपेचं तर विचारूच नका. मोटर वाहतूक कामगारांसाठी १९६१ च्या कायद्यातच ठरलं होतं, दिवसाला ८ तास, आठवड्याला ४८. हे ट्रकवाल्याला सांगितलं तर तो हसेल. क्लिनर ठेवणंही आता बऱ्याच जणांनी सोडलंय, म्हणजे डोळा लागला तर हाक मारायलाही शेजारी कुणी नाही. मालक, पार्टी, ट्रान्सपोर्टवाला, सगळ्यांचे फोन सुरू: "कुठपर्यंत आलास?" आमच्या ऑफिसातूनही जातात हे फोन. रात्री दोनला उत्तर देणारा माणूस कधी झोपणार, हे कुणी विचारत नाही.

शहरात मिक्सरवाल्यांची वेगळीच घाई. प्लांटमधून निघालेलं काँक्रीट साधारण दोन तासांत ओतावं लागतं, आणि आपल्याकडचा ट्रॅफिक तुम्हाला माहीत आहे. त्यात त्या उंच केबिनमधून डाव्या अंगाला चिकटून चाललेली स्कूटर दिसतच नाही. कृपा करून मिक्सरच्या डावीकडून घुसू नका, विशेषतः तो वळत असताना.

दारूची पाठराखण मी अजिबात करणार नाही. डिसेंबर २०२४ मध्ये वाघोलीला डंपर फुटपाथवर झोपलेल्यांच्या अंगावर गेला, त्यात दोन लहान मुलं होती. तिथे शेठच्या वहीची सबब चालणार नाही.

रस्त्याचाही दोष आहेच. उतार, त्यात सर्व्हिस रोडवरून मध्येच घुसणारी वाहनं आणि खाली पुलाशी तुंबलेली गर्दी. १३ नोव्हेंबर २०२५ ला त्याच पट्ट्यात दोन अवजड गाड्यांच्या मध्ये कार सापडून पेटली, आठ जण गेले. त्यानंतर तिथली वेगमर्यादा ताशी ३० वर आणली. ठीक आहे. पण ब्रेक गेलेल्या ट्रकला पाटी वाचून थांबता येत नाही. त्याला वरच, बोगद्याच्या अलीकडे थांबवून ब्रेक तपासायला हवेत.

आणि गुन्हा नोंदवताना एकट्या ड्रायव्हरचं नाव का? मोटार वाहन कायद्याच्या कलम १९४ मध्ये ओव्हरलोड गाडी चालवणाऱ्याबरोबर ती चालवायला लावणाराही येतो. दंड २० हजार, वर प्रत्येक जादा टनाला २ हजार. तरतूद आहे, वापरा की. प्रत्येक अपघातानंतर बिल्टी (मालासोबतची ट्रान्सपोर्टची पावती), वजनकाट्याची पावती, जीपीएसची नोंद आणि ब्रेकच्या शेवटच्या कामाचं बिल जप्त करा. गाडी किती तास न थांबता चालली, किती माल होता, लायनर कधी बदललं होतं, सगळं त्यात सापडेल. ड्रायव्हर पळून गेला तरी हे कागद मालकाच्या ऑफिसात असतात, आणि त्या ऑफिसचा पत्ता बिल्टीवर छापलेला असतो.