'एकाच रात्रीत डोळा कसा बिघडेल?' या अभिप्रायास दुकानाचे उत्तर

ताई, सप्रेम नमस्कार.

आपल्या डोळ्याला झालेल्या त्रासाचे मनापासून वाईट वाटते आणि दुकानात आपली नीट विचारपूस झाली नाही असे आपल्याला वाटले असेल, तर त्याबद्दल क्षमा मागतो. मात्र, पुण्याहून आर्वीला येताना आपण ट्रॅव्हल्समध्ये लेन्स घालून एकच रात्र झोपलात, एवढ्याने कॉर्नियावर (बुबुळापुढच्या पारदर्शक पडद्यावर) जखम होणे शक्यच नाही, म्हणजे आम्ही हलक्या प्रतीची लेन्स गळ्यात मारली आणि महागडी दिली असती तर हे टळले असते, असे आपण एक तारा देऊन लिहिले आहे. हे मला फार लागले. तालुक्याच्या गावात चष्म्याचे दुकान लोकांच्या विश्वासावरच चालते, म्हणून याचे उत्तर सविस्तर देणे मला भाग आहे.

कॉर्नियात रक्तवाहिन्या नसतात. डोळा उघडा असताना तो हवेतला प्राणवायू अश्रूंच्या थरातून घेतो. पापणी मिटली की त्याला पापणीच्या आतल्या रक्तवाहिन्यांवर भागवावे लागते आणि तिथून जेमतेम एक तृतीयांश पुरवठा होतो. त्यामुळे लेन्स न वापरणाऱ्या माणसाचाही कॉर्निया झोपेत 3 ते 4 टक्के सुजतो आणि जाग आल्यावर पूर्ववत होतो. मधे लेन्स असली की ही सूज वाढते आणि वरचा पेशींचा थर कमकुवत होतो. शिवाय झोपेत पापण्या लवत नसल्याने लेन्सखालचे अश्रू बदलत नाहीत, जंतू वाहून न जाता तिथेच वाढतात, आणि स्युडोमोनाससारखा जिवाणू असला तर एक-दोन दिवसांतही खोल व्रण, म्हणजे चिघळलेली जखम, होऊ शकतो. एक रात्र झोपणाऱ्या प्रत्येकाला असे होते, असे मी म्हणणार नाही. बहुतेक जण त्यातून सुटतात. पण ते शक्यच नाही, हे म्हणणे खरे नाही.

आता किमतीबद्दल. अमेरिकेत 1989 साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, मऊ लेन्स रोज रात्री काढणाऱ्या 10,000 लोकांमागे वर्षाला सुमारे 4 जणांना, तर घालून झोपणाऱ्यांत सुमारे 21 जणांना असा व्रण झालेला आढळला. पुढे कितीतरी जास्त प्राणवायू जाऊ देणाऱ्या सिलिकॉन हायड्रोजेलच्या महाग लेन्स आल्या, त्यांनी सूज कमी केली, पण झोपेत होणाऱ्या संसर्गाचे प्रमाण काही घटले नाही. म्हणजे दुप्पट पैसे घेऊन दुसरी लेन्स मी दिली असती, तरी ती घालून झोपण्याचा धोका राहिलाच असता. ही लेन्स दिवसा घालून रात्री काढायची आहे, हे मी आपल्याला काउंटरवर स्वतः सांगितले होते.

आणखी एक गोष्ट, दोष देण्यासाठी नव्हे तर काळजीपोटी लिहितो. लाली दिसल्यावर घरात पडून असलेले थेंब दोन दिवस टाकले, असे आपणच लिहिले आहे. अशा थेंबांत स्टिरॉइड असेल तर लाली उतरल्यासारखी वाटते आणि आतला संसर्ग बळावतो; कपाशी-सोयाबीनच्या आपल्या भागात डोळ्याला बुरशीचा संसर्गही होतो आणि त्यात तर स्टिरॉइड फारच घातक ठरते. ते थेंब कोणते होते, हे डॉक्टरांना अवश्य सांगावे.

लेन्सच्या सूचना यापुढे मराठीत छापून देण्याची व्यवस्था आम्ही लवकरच करू. वापरलेली लेन्स, तिची डबी आणि द्रावणाची बाटली मात्र आपण फेकू नये, धुऊही नये; तशीच डॉक्टरांकडे न्यावी, कारण त्यावरून जंतू ओळखता येतात आणि औषध नेमके देता येते. लेन्सचा बॅच क्रमांक आपल्या बिलावर लिहिलेला आहे. त्या लेन्समध्ये दोष आहे असे डॉक्टरांनी लिहून दिले, तर उपचाराचा खर्च मी देईन.