पंप लागू पडत नाही म्हणून आधी जीन टेस्ट?

पुण्यातल्या शाळा-सोसायट्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर फिरणारा निरोप असा: 'मुलाच्या दम्याला पंप लागू पडत नाही, म्हणजे जनुकांमुळे औषध पचत नाही. जीन टेस्ट करा, रिपोर्ट येईपर्यंत स्टेरॉइडचा पंप बंद ठेवा.'

'औषध पचत नाही म्हणून गुण येत नाही.' इथे गणितच उलटं मांडलंय. पंपातलं नेहमीचं स्टेरॉइड फ्लुटिकासोन मोडण्याचं काम सीवायपी३ए गटातली एन्झाइम्स (औषधाचं विघटन करणारी प्रथिनं) करतात, मुख्यतः यकृतात. ज्या मुलांत जनुकामुळे हे काम सावकाश चालतं, त्यांच्यापैकी मोजक्यांचा अमेरिकेत अभ्यास झाला. त्यांचा दमा उलट जास्त आटोक्यात दिसला. धाप लागल्यावर तात्पुरता आराम देणारं साल्ब्युटामॉल तर या एन्झाइम्सच्या वाटेला जातच नाही.

'टेस्टवरून नेमकं औषध ठरतं.' श्वासनलिका दीर्घकाळ मोकळ्या ठेवणाऱ्या सालमेटेरॉल या औषधाला प्रतिसाद कसा मिळेल, यात एडीआरबी२ या जनुकाचा थोडा वाटा असावा. पण २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या ब्रिटनमधल्या चाचणीत १२ ते १८ वर्षांच्या मुलांना या जनुकानुसार औषध देऊनही फायदा किरकोळच निघाला. एवढ्यासाठी पैसे कशाला घालवायचे?

एन्झाइमचा फरक खरोखर महागात पडतो तो थिओफायलिन या दम्याच्या जुन्या औषधात. त्याला सीवायपी१ए२ हे एन्झाइम मोडतं आणि गुणकारी व विषारी मात्रेत अंतर फार कमी. त्यात तापाचं आजारपण किंवा सिप्रोफ्लॉक्सासिनसारखं अँटिबायोटिक आलं की रक्तातली पातळी चढते. उलट्या, धडधड, क्वचित आकडी. तिथेही डॉक्टर रक्तातली पातळी तपासतात, जनुक नव्हे.

'तोवर पंप बंद.' हे मात्र अजिबात करू नका. स्टेरॉइडने दबलेली श्वासनलिकांची सूज काही दिवसांत, आठवड्यांत परतते आणि नुसत्या साल्ब्युटामॉलवर मूल ढकललं जातं.

गुण न येण्याची कारणं बहुतेक वेळा घरातच सापडतात. स्पेसर (पंपाला जोडायची प्लॅस्टिकची पोकळ नळी) नसेल तर बरंचसं औषध घशावर आदळून गिळलं जातं. स्पेसरचा मास्क गालाला घट्ट बसला नाही किंवा मूल रडत असलं, तर आत फारसं काही जात नाही. दोन पफ एकदम मारू नका: पंप हलवा, एक पफ, पाच-सहा शांत श्वास, अर्धा मिनिट थांबा, पुन्हा हलवा, मग दुसरा. नंतर चूळ भरून थुंकायला लावा. स्पेसर साबणाच्या पाण्यात धुवून तसाच वाळू द्या. फडक्याने पुसला की प्लॅस्टिकवर स्थिर वीज तयार होते आणि औषध भिंतींनाच चिकटतं. १२० डोसचा पंप सकाळ-संध्याकाळ दोन-दोन पफने ३० दिवसांत संपतो. त्यानंतरही फवारा येत राहतो, पण त्यात औषधाचा भरवसा नाही. किती औषध उरलंय हे पंपाची डबी पाण्यात तरंगवून पाहण्याचा उपायही फसवा.

पावसाळ्यात ओल धरलेली भिंत, बेडरूममधली मच्छर कॉइल, रोजचा धूप, हेही पाहा.

एवढं करून दोन-तीन महिन्यांतही दमा आटोक्यात नसेल तर बालश्वसनतज्ज्ञ गाठा. पाच-सहा वर्षांपुढच्या मुलाची स्पायरोमेट्री (फुंकर मारून करायची फुप्फुसांची तपासणी) होते आणि मुळात हा दमाच आहे का, हे तपासलं जातं. घरघर छातीच्या एकाच बाजूला ऐकू येत असेल, तर श्वासनलिकेत अडकलेला शेंगदाणाही निघू शकतो. अशा वेळी दोन-तीन महिने थांबू नका.