नवीन सिस्टरला नाईटची इनचार्ज करणाऱ्यांनो, जरा तरी विचार करा

आज परत तेच. ड्युटी लिस्ट लागली आणि नाईटला इनचार्ज कोण, तर जॉइन होऊन धड सहा महिने पण न झालेली पोरगी, आणि तिच्यासोबत कोण तर तिच्याहून नवीन. डोकंच फिरलं माझं. म्हणजे रात्रभर अख्ख्या वॉर्डात असं एक माणूस नाही जिला ती विचारू शकेल की ताई हे बरोबर आहे ना. डॉक्टरला फोन लावला तर एवढ्यासाठी उठवलंस का म्हणून खेकसणार, नाही लावला तर सकाळी राउंडला तोच म्हणणार कळवलं का नाही.

आणि वर मॅनेजमेंटचं ठरलेलं, "शिकतील हो हळूहळू, आपण पण असंच शिकलो." शिकतील ना, पण कुणावर? बेडवर पडलेल्या माणसावर?

इन्सुलिनचंच घ्या. नियम काय, की दुसऱ्या नर्सने स्वतः ऑर्डर वाचायची, स्वतः डोस बघायचा आणि मगच सही करायची. U-100 इन्सुलिनच्या 1 मिलीत 100 युनिट असतात, म्हणजे 10 युनिटला फक्त 0.1 मिली, आणि घाईगडबडीत इन्सुलिनची सिरिंज सोडून साधी उचलली की दसपट डोस ओढला जायला वेळ लागत नाही. तिथे दुसरी नजर हवीच हवी. पण दुसरी कोण, तर जिने इन्फ्युजन पंप (शिरेतून ठराविक वेगाने औषध सोडणारं मशीन) पण परवा पहिल्यांदा हातात घेतला. ती बिचारी इनचार्जने काढलंय म्हणजे बरोबरच असणार म्हणून सही करून मोकळी होते. कागदावर सह्या दोन, तपासलं कुणीच नाही!

पेशंट बिघडतोय हे ओळखणं तर त्याहून अवघड. बीपी चांगलं आहे, पण श्वास मिनिटाला 18 वरून 26 वर गेलाय, माणूस सारखी कूस बदलतोय, उगाच चिडचिड करतोय. जुनी सिस्टर हे बघून लगेच डॉक्टरला बोलावते. नवीन मुलगी बीपी बघते आणि स्टेबल लिहिते. यात तिचा काय दोष? हे कुणीतरी शेजारी उभं राहून दाखवावं लागतं, आणि शेजारी उभं राहायला माणूस ठेवलंय कुठे तुम्ही?

2002 साली अमेरिकेतल्या नर्सिंग संशोधक लिंडा एकेन आणि त्यांच्या टीमने सर्जरीच्या पेशंटचा अभ्यास छापला होता, त्यात एका नर्समागे एक पेशंट वाढला की 30 दिवसांत मृत्यूची शक्यता साधारण 7 टक्क्यांनी वाढलेली दिसली. इतक्या वर्षांनी पण आम्ही माणसं द्या माणसं द्या म्हणून भीकच मागतोय. सीनियर थकून सोडून जातात, त्यांच्या जागी नवीन येतात, त्या घाबरून सोडतात, मग त्यांच्याहून नवीन इनचार्ज.

आणि चूक झाली की मेमो कुणाला? त्याच पोरीला. ज्याने ती लिस्ट बनवून सही केली त्याला कुणी केबिनमध्ये बोलावत नाही. नातेवाईकांच्या शिव्या पण तिनेच खायच्या, घरी जाऊन रडायचं पण तिनेच.

प्रत्येक नाईटला एक तरी अनुभवी सिस्टर ठेवा. नाही जमत? मग बेड बंद करा, ॲडमिशन थांबवा.