कमाल फी

बांध हातभर, दावा बावीस वर्षांचा. लावला आजोबांनी, ते गेले आणि फीचा हिशोबही त्यांच्याबरोबर गेला. 2017 सरता सरता तालुक्याच्या कोर्टात आम्ही हरलो. आप्पांनी त्याच दिवशी साताऱ्याहून किलोभर कंदी पेढे आणून गावभर वाटले. नानांनी, म्हणजे समोरच्या पार्टीनं, पेढा हातात घेऊन आपल्या वकिलाला फोन लावला, की आपण नक्की जिंकलोय ना?

अपील ठरलेलंच होतं. तेवढ्यात बातमी आली : कोर्ट फीची कमाल मर्यादा तीन लाखांवरून दहा लाख होणार. आप्पांनी त्यातलं फक्त 'दहा लाख' वाचलं.

"हातभर बांधाला धा लाख? कमाल हाय!"

"आप्पा, कमाल म्हणजे जास्तीत जास्त."

"मी तरी काय म्हणतोय? लईच जास्त."

आतून आई म्हणाली, "बायकांना काही दाव्यांत फी माफ हाय, 1994 पासनं. रान माझ्या नावावर असतं तर?" आप्पांना एकाएकी कमी ऐकू यायला लागलं.

फी वाढायच्या आत अपील दाखल झालंच पाहिजे, असा हुकूम सुटला. धावायला अर्थातच मी. जिल्हा कोर्टात अपिलाला तीस दिवस; निकालाची नक्कल मिळायला लागलेले दिवस मुदतीतून वजा होतात. (माझ्या रजेतून ते कुणी वजा करत नाही.) नकलेसाठी तीन खेपा, झेरॉक्स, वकीलपत्र, तिकिटं, पोवई नाक्यावर दोन वडापाव. खिशात आप्पांनी दिलेला सोसायटीच्या कर्जाचा कोरा फॉर्म.

वकीलसाहेबांनी सातबारा पाहिला, चष्मा काढला आणि पुसत बसले.

"शेतजमिनीच्या ताब्याचं मूल्यांकन बाजारभावानं नसतं हो, शेतसाऱ्याच्या पटीत असतं. तुमच्या अख्ख्या गटाचा सारा नऊ रुपये. त्यातला बांध केवढा?"

फी झेरॉक्सच्या बिलापेक्षा कमी निघाली. मी उड्या मारतच घरी आलो. आकडा ऐकून आप्पांचा चेहरा निकालाच्या दिवशी पडला नव्हता एवढा पडला.

"हळू बोल," ते म्हणाले. "पारावर मी धा लाख सांगून बसलोय."

संध्याकाळी नाना आले. बावीस वर्षांत पहिल्यांदा उंबऱ्याच्या आत. चहा बशीत ओतला, फुंकला, पण प्याले नाहीत.

"दादा, एवढा पैसा कोर्टात घालण्यापरीस अर्धा हात तू घे, अर्धा मी घेतो. मिटवू."

आप्पांनी मोठा सुस्कारा टाकला, दहा लाख गेलेला माणूस टाकेल तसा. "आता भरलं की रं नाना."

"पावती तरी बघू."

आप्पांनी माझ्याकडे पाहिलं. मी फाईलवरच बसलो होतो. आणखी जरा पसरून बसलो.

"चहा निवतोय नाना," मी म्हणालो.